मास्तरांचा भुंगा

स्टेजवर चढलं की आमचे मास्तर आधी स्वतःभोवती फिरायचे. प्रेक्षकांना नमस्कार नाही, माइकवर टकटक नाही. गळ्यात गिटार, वायर पायात येऊ नये म्हणून एका हातात उचलून धरलेली, डोळे मिटलेले, आणि हळूहळू चाललेली ती प्रदक्षिणा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याला भोवळ आली. एकदा तर एक भला माणूस तांब्याभर पाणी घेऊन स्टेजवर धावला होता. मास्तरांनी डोळे न उघडताच त्याला हाताने थांबवलं आणि विचारलं, "मोबाईल हाय का रं खिशात? मग लांब हो गड्या."

मास्तर भुंगा शोधत असायचे. भुंगा हा त्यांचा शब्द, बाकीचे ऑर्केस्ट्रावाले त्याला हमिंग म्हणतात. इलेक्ट्रिक गिटार तशी मुकीच. वायर जोडल्याशिवाय ती वाजवली तर शेजारी बसलेल्यालाच काय ते ऐकू येतं. तिच्या तारांखाली एक काळी पट्टी असते, तिच्यात लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. हा झाला पिकअप. वरच्या तारेची थरथर तो टिपतो आणि स्पीकरकडे पोचवतो. पण हा पिकअप हलक्या कानाचा असतो. जवळच्या डीपीचं, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरचं, जनरेटरचं, लायटिंगच्या माळांचं जे काही चाललेलं असेल तेही ऐकतो आणि घूं करत सगळ्या मांडवाला सांगत सुटतो. गिटार विशिष्ट दिशेला वळवली की मात्र तो गप्प बसतो. ती दिशा सापडेपर्यंत मास्तर फिरायचे, आणि सापडली की तिथेच तोंड करून खुर्ची मांडायचे. मग समोर प्रेक्षक असोत, पडदा असो नाहीतर आचाऱ्याची भांडी असोत.

कडेगावला एका पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला आमचा कार्यक्रम होता. डीपी नेमका मैदानाच्या कोपऱ्यात. मास्तर फिरले आणि पुढाऱ्यांकडे पाठ करून बसले. पहिलं गाणं झाल्यावर साहेबांनी आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांना खूण करून बोलावलं.

"कोन हाय ह्यो, पाठ दाखवतोय?"

मालकांची बोबडी वळली. त्यांनी चाचरत डीपीचं कारण सांगितलं. ते ऐकून साहेब आणखीच तापले. "त्यो डीपी मी मंजूर करून आनलाय, आन् त्याचंच ह्याला वावडं व्हय?"

मास्तर खुर्चीतल्या खुर्चीत मान वळवून म्हणाले, "सायेब, तुमी आनलाय म्हनून तर लय ताकदीचा हाय. त्याच्याकडं तोंड करून बसाय आमच्यात दम न्हाई."

साहेब खूश. त्यांनी हसत हसत आपला सोफा उचलायला लावला आणि स्टेजच्या मागच्या अंगाला, मास्तरांच्या समोर नेऊन ठेवला. त्यांच्या मागोमाग कार्यकर्त्यांच्या खुर्च्याही गेल्या. त्या दिवशी आम्ही उरलेले सगळे उत्सवमूर्तींना पाठ दाखवून गायलो, आणि एकटे मास्तर तेवढे समोरासमोर.

सोफ्याच्या शेजारी एक खुर्ची मात्र आधीपासूनच होती. ती भाभींची.

भाभी म्हणजे मास्तरांची बायको. उंब्रजला हायवेच्या कडेला दोघांचं बांगड्यांचं दुकान. कार्यक्रम कुठेही असो, भाभी बांगड्यांची टोपली घेऊन मास्तरांबरोबर यायच्या. लग्न असलं तर दुपारी त्या नवरीला चुडा भरायच्या आणि संध्याकाळी त्याच मांडवात मास्तर वाजवायचे. मास्तरांनी फिरून दिशा धरली की भाभी आपली खुर्ची उचलायच्या, वळसा घालायच्या आणि मास्तरांचं तोंड जिकडे असेल तिकडे जाऊन बसायच्या. मी त्यांना चिखलात बसलेलं पाहिलंय, जनरेटरच्या धुरात बसलेलं पाहिलंय. "भाभी, पुढं बसा की, चांगलं दिसतंय," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "मला कुटं तुमास्नी बघायचंय?"

ऑर्केस्ट्रात मी गायची. आमची तालीम कराडात एका टायरच्या दुकानावरच्या खोलीत असायची, तिथे मास्तरांच्या तऱ्हा जवळून बघायला मिळाल्या. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर. तालीम सुरू होण्याआधी सगळ्यांचे मोबाईल भाभींच्या टोपलीत जमा करून टोपली जिन्यात. कारण मोबाईलचंही पिकअपला ऐकू येतं. आमचा ढोलकीवाला लाडात म्हणायचा, "मास्तर, बायकोचा फोन येनार हाय." मास्तर म्हणायचे, "येऊ दे. माझ्या बायकोच्या टोपलीत वाजंल, दोघी बोलत बसतील."

पण खरी मजा असायची ती स्वर जुळवण्याची. स्वर जुळवणं म्हणजे सूर लावणं नव्हे, ते तर सगळेच करतात. मास्तर आवाजाची जात जुळवायचे. स्पीकरच्या डोक्यावर भाभींच्या हिरव्या काचेच्या बांगड्यांचा एक जोड ठेवलेला असायचा. मास्तर एक बांगडी दुसरीवर हलकेच वाजवायचे, छन्न. मग गिटारीची तार छेडायचे. मग स्क्रू ड्रायव्हरने घोडीजवळचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिच्याजवळचा, पिकअप तारांच्या किंचित जवळ आणायचे, पुन्हा बांगडी, पुन्हा तार. पिकअप फार जवळ गेला तर आवाज कर्कश होतो, फार लांब गेला तर लेचापेचा. त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी कोऱ्या बांगडीचा आवाज असतो, असं त्यांचं म्हणणं. तो लागला की सरळ कळायचं. खोलीत कुणीतरी चुडा भरून आल्यासारखं वाटायचं. आजूबाजूच्या जिल्ह्यांत तो आवाज दुसऱ्या कुणाच्या गिटारीला नव्हता, आणि हे मी त्यांच्या प्रेमापोटी म्हणत नाहीये. प्रेमापोटी म्हणत असले तरी खरंच आहे.

"वाजवनारी बोटं समद्यास्नी असत्यात," मास्तर म्हणायचे. "पिकअप म्हंजी गिटारीचा कान. आधी कान बरा पायजे. कान बरा असंल तर तोंड आपसूक गोड हुतंय."

बांगडीच्या धंद्यातही सगळं कानावरच असतं, हे मला भाभींनी शिकवलं. काचेच्या बांगडीला गेलेली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून भरायच्या आधी प्रत्येक बांगडी दुसरीवर वाजवून बघायची. चांगली असेल तर छन्न बोलते, चीर असेल तर बद्द. बद्द बोललेली बाजूला ठेवायची. भाभी हे इतक्या सहज करायच्या की बघणाऱ्या बाईला वाटायचं, ह्या आपल्या गप्पा मारताहेत. त्यांच्या हातून नवरीच्या हातात बद्द बांगडी कधी गेली नव्हती. जाऊ द्यायचीच नसते. नवरीच्या हातात चुडा भरताना बांगडी फुटणं चांगलं मानत नाहीत, फुटली असा शब्दसुद्धा कुणी काढत नाही, बांगडी वाढली म्हणतात.

ती वाढली मेढ्याला. नवरीच्या घरी सोप्यात बायका जमल्या होत्या आणि माझाही नंबर लागायचा होता म्हणून मी भाभींना लागूनच बसले होते. भाभींनी बांगडी वाजवून बघितली. मी ती स्पष्ट ऐकली, बद्द होती. मला वाटलं त्या बाजूला ठेवतील. त्यांनी ती नवरीच्या बोटांवर चढवली. मी तोंड उघडेपर्यंत पंजा चेपला गेला आणि काच हातात शिरली. रक्त थोडंसंच आलं, पण नवरीची आत्या कपाळावर हात मारून बसली. भाभींनी पदराने रक्त टिपलं, हळद लावली, सगळ्यांची समजूत घातली. मग टोपलीकडे तोंड वळवून त्या एकेक बांगडी वाजवत राहिल्या. वाजवायच्या आणि कानाशी धरायच्या. आधी उजव्या, मग डाव्या.

"पोरी," त्यांनी मला हळूच विचारलं, "ही वाजतीया का गं?"

मंदिरातल्या घंटेसारखी वाजत होती. मी हो म्हटलं. त्यांनी ती खाली ठेवली आणि दुसरी उचलली. "आन् ही?"

त्या चुड्याच्या उरलेल्या सगळ्या बांगड्या माझ्या कानांनी भरल्या गेल्या. संध्याकाळी मास्तरांनी नेहमीसारखी दिशा धरली, भाभी नेहमीसारख्या समोर जाऊन बसल्या, आणि मास्तरांची गिटार त्या मांडवात काकणासारखी किणकिणत राहिली. भाभी मान डोलवत होत्या. मला मात्र तिकडे बघवेना.

मास्तरांना मीच सांगितलं. कराडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वरचे, बारीक आवाज गेलेत, परत यायचे नाहीत. खालचे, जाड आवाज आहेत अजून थोडे. कानात घालायचं मशीन दिलं. ते घालून भाभी दुकानात बसल्या आणि हायवेचा प्रत्येक हॉर्न त्यांच्या डोक्यात शिरायला लागला. "घरातनं ट्रक चालल्यात," म्हणून त्यांनी ते मशीन चार दिवसांत बांगड्यांच्या रिकाम्या खोक्यात घालून टाकलं. मास्तरांनी आग्रह केला, रुसले, एक वेळ जेवले नाहीत. भाभी म्हणाल्या, "आवं, गिराईक काय बोलतंय ते तोंडावरनं कळतंय मला. तुमचं वाजिवनं तेवडं कळंना. त्ये मशीन घालून पन न्हाई कळत, नुसता पत्रा वाजतोय."

त्यानंतर मास्तर बदलले. म्हणजे माणूस तोच, गिटार बदलली. स्पीकरच्या डोक्यावरचा बांगड्यांचा जोड गेला. ज्या घोडीजवळच्या पिकअपवर त्यांनी जन्म घालवला तो बंद केला आणि गिटारीच्या मानेजवळचा दुसरा सुरू केला. तिथे तार मोकळी हलते, म्हणून आवाज जाड आणि गोल येतो. जाड तारा चढवल्या. टोनचं बटण पार उलटं फिरवलं. तेवढ्याने भागेना, तेव्हा मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून बारीक तार आणून पिकअप स्वतःच गुंडाळायला बसले. भाभींच्या शिलाई मशीनचं चाक, त्यावर पिकअप, आणि चिमटीतून सुटणारी ती न दिसणारी तार. तुटली की पहिल्यापासून. जितके वेढे जास्त तितका आवाज दाट, असा हिशोब. एक गुंडाळून झाला की मेणबत्तीच्या मेणात बुडवायचा, गिटारीत बसवायचा आणि भाभींना समोर बसवून विचारायचं, "आला का?"

भाभी खोटं बोलत नसत. "न्हाई आला," म्हणायच्या. कधी "जरासा आल्यागत वाटतंय," म्हणायच्या आणि वर, "आता जेवता का?"

आमच्या मालकांना हे सगळं पसंत पडणं शक्य नव्हतं. की-बोर्ड वाजवणारे गृहस्थ, स्वभावाने वाईट नव्हेत, पण धंदा त्यांनाही चालवायचा होता. लोक त्या किणकिणत्या गिटारीसाठी आम्हाला बोलवायचे आणि आता मास्तरांची गिटार रांजणातून बोलल्यासारखी येत होती. त्यात नव्या पिकअपला भुंगाही दुप्पट. वेढे वाढले की कान जास्त तिखट होतो, मग त्याला डीपीचंही जास्त ऐकू येतं. मास्तर तो दाबायला व्हॉल्यूम कमी करायचे. व्हॉल्यूम कमी झाला की भाभींना काही पोचायचं नाही. असं ते दोन्हीकडून अडकले होते.

एका दुपारी तालमीत चहाची वेळ झाली. मास्तर किटली आणायला खाली गेले. गिटार स्टुलावर तशीच, वायर जोडलेली, आणि त्या दिवशी कसं कोण जाणे, तिचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा राहिला होता. कोणी वाजवत नव्हतं. स्पीकर नुसता घुमत होता. भाभी डबा घेऊन जिना चढून आल्या आणि दारातच थबकल्या.

"कोन वाजवतंय गं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी म्हटलं, "कुणी न्हाई भाभी."

"वाजतंय की." त्या स्पीकरपाशी गेल्या. "ह्ये काय. घुमतंय न्हवं?"

मास्तर किटली घेऊन त्यांच्या मागे उभे होते. त्यांनी किटली जमिनीवर ठेवली, पुढे झाले आणि गिटारीचं बटण बंद केलं.

"गेलं," भाभी म्हणाल्या.

मास्तरांनी उघडलं. "आलं." बंद केलं. "गेलं." पुन्हा उघडलं, आणि या वेळी त्या घुमण्यातच सगळ्यात जाड तार छेडली. भाभींनी त्यांच्याकडे असं बघितलं की आम्ही सगळे उगीचच चहाचे कप शोधायला लागलो. माझे डोळे भरून आले होते आणि ढोलकीवाला नाक ओढत होता. चहा पार गार झाला.

ज्या भुंग्याला मास्तरांनी जन्मभर पाठ दाखवली, तोच तेवढा भाभींपर्यंत पोचत होता.

दोन-तीन दिवस गेले. मग मालक मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, घरी काय करायचं ते करा. पण स्टेजवर भुंगा आला तर मला इलाज नाही. गिटार लॅपटॉपवर वाजते आता, तुम्हाला माहीत आहे." मास्तर म्हणाले, "बरं." त्यांचं सगळं आयुष्य स्टेजवर गेलं होतं. बांगड्यांचं दुकान भाभींचं, ते फक्त ओझी उचलायचे.

पुढचे काही कार्यक्रम मास्तरांनी अगदी स्वच्छ वाजवले. फिरायचे, दिशा धरायचे, भुंग्याचं नाव नाही. भाभी समोर खुर्ची टाकून बसायच्या, मास्तरांच्या बोटांकडे बघायच्या, आणि बोटं थांबली की गाणं संपलं असं समजून टाळ्या वाजवायच्या. एकदा मास्तर गाण्याच्या मधेच नुसती खुंटी पिळायला थांबले. मी गात होते, सगळे वाजवत होते, आणि सगळ्या मांडवात एकट्या भाभी टाळ्या वाजवत होत्या. लोक वळून बघायला लागले तशी त्यांना चूक कळली आणि त्यांनी हात पदराखाली घेतले. मास्तरांनी ते पाहिलं. त्या गाण्यात त्यांनी पुढे एकही चुकीचा स्वर लावला नाही.

त्यानंतरचा कार्यक्रम उंब्रजलाच होता, दुकानाशेजारच्यांच्या मुलीच्या लग्नाचा. सगळं गाव ओळखीचं. संध्याकाळी मास्तर स्टेजवर चढले आणि फिरायला लागले. गावाला ती प्रदक्षिणा पाठ होती, पोरंसोरं खाली त्यांची नक्कल करत फिरत होती. भुंगा हळूहळू कमी होत गेला आणि मंडपाच्या डाव्या कनातीकडे तोंड झालं तेव्हा पार थांबला. भाभींनी खुर्ची उचलली आणि त्या कनातीकडे निघाल्या.

मास्तर थांबले नाहीत. ते फिरतच राहिले. भुंगा परत सुरू झाला, वाढत गेला, आणि जिथे तो सगळ्यात मोठा घुमला तिथे त्यांनी पाय रोवले. तोंड बरोबर लोकांकडे होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गावाने आमच्या मास्तरांना स्टेजवर समोरून पाहिलं. भाभी खुर्ची हातात घेऊन अर्ध्या वाटेत उभ्या होत्या. तिथेच त्यांनी ती टेकवली आणि बसल्या.

मालक की-बोर्डवरून हातवारे करत होते. मास्तरांनी व्हॉल्यूम पूर्ण उघडला आणि जाड तारेवर सुरुवात केली. गाणं माझं होतं. मी नेहमीच्या पट्टीत लावायला गेले, पण त्यांनी मान हलवून खाली ये म्हटलं. मी खाली आले, आणखी खाली आले, जिथे माझा आवाज पुरुषासारखा लागतो तिथपर्यंत. सुंदर गायले असं मी म्हणणार नाही. पण भाभींचा उजवा हात गुडघ्यावर ठेका धरत होता, आणि तो ठेका चुकत नव्हता. मास्तर मधेच थांबले, मुद्दाम, खुंटीला नुसता हात लावायला. भाभींनी टाळी वाजवली नाही. त्यांनी मान हलवली, म्हणजे कळतंय, पुढं वाजवा.

तो मास्तरांचा आमच्याबरोबरचा शेवटचा कार्यक्रम. मालकांनी शब्द पाळला. मास्तरांनीही तक्रार केली नाही. मलाच राग आला होता, अजूनही थोडा आहे.

आता मी सांगलीला गाणं शिकवते. वर्षातून एकदोनदा उंब्रजला उतरते, बांगड्या भरायच्या निमित्ताने. दुकानात कामाची वाटणी बदललीय. बांगड्या वाजवून बघायचं काम आता मास्तरांचं. खोकं आलं की ते प्रत्येक बांगडी कानाशी नेतात, बद्द असेल ती बाजूला टाकतात, आणि भाभी नुसत्या भरतात. ते काम संपलं की मास्तर मागच्या खोलीत जाऊन गिटार जोडतात आणि भुंग्यासकट वाजवत बसतात. हायवेचे हॉर्न एकीकडे, हे एकीकडे. गिऱ्हाइकं विचारतात, आत कसली मोटर चाललीय? भाभी म्हणतात, "आमचं मालक हायत."

मागच्या खेपेला आत भुंगा घुमत होता, भाभी माझा पंजा चेपत होत्या आणि अचानक त्यांचा हात थांबला.

"लाईट गेली," त्या म्हणाल्या.

भर दुपार होती. दिवा लागलेला नव्हता, थंडीमुळे पंखाही बंद होता. मागच्या खोलीतून मास्तर गळ्यात गिटार तशीच घेऊन बाहेर आले आणि भाभींच्या शेजारी टेकले. मी म्हटलं, "मास्तर, लाईट येईपर्यंत नुसतीच वाजवा की. जवळ बसलेय मी, मला येतंय ऐकू."

मास्तरांनी गिटार काढून भिंतीला टेकवली.

"तुला येतंय, पोरी," ते म्हणाले, आणि खोक्यातली एक बांगडी दुसरीवर वाजवून त्यांनी कानाशी धरली. चांगली होती. ती त्यांनी भाभींच्या हातात दिली.